अंगावर घ्यायचं की तासावर? सॉफ्टवेअरच्या कामाचा भाव ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा: दोन मित्रांनी ऐरोलीतली नोकरी सोडून ठाण्यात वागळे इस्टेटला छोटा गाळा भाड्याने घेतला आणि स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं मोठं काम तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजकडून आलंय. मालाची आवक-जावक, भाड्याचा हिशेब, बिलं, काट्यावरून वजन थेट कॉम्प्युटरवर घेणं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी पाठवणं आणि माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी मोबाइल ॲप, एवढं सगळं त्यात आहे. मालक म्हणतात, एकच आकडा सांगा. या दोघांच्या मनात सहा लाख आहेत. एकरकमी घ्यावं की तासाच्या हिशेबाने, असं ते विचारतात.

माझं मत आधीच सांगते. सहा लाखांचा आकडा अजून मालकांसमोर ठेवू नका. तुम्ही ज्याला एक काम म्हणताय त्यात तीन जातींची कामं आहेत, आणि तिन्हींचा भाव लावायची रीत वेगळी आहे.

हे मी शिकले ती जागा तुमच्या गाळ्यापासून लांब नाही. माझ्या बाबांचा वागळे इस्टेटमध्येच रोड नंबर १६ वर लेथचा गाळा होता. नेहमीच्या बुशचे पाचशे नग आले की बाबा नगावर भाव सांगत. त्या कामात काय काय होऊ शकतं हे त्यांना पाठ होतं. नवीन, आधी कधी न केलेला भाग असला की मशीनच्या तासावर. आणि कुणी बिघडलेला पंप घेऊन आलं की त्यांचं वाक्य ठरलेलं असे, "खोलल्याशिवाय भाव नाही." खोलण्याचे पैसे वेगळे घ्यायचे. पार्टी नंतर पंप दुसरीकडे घेऊन गेली तरी ते पैसे बाबांचेच. एकाच वहीत, कधी कधी एकाच पार्टीच्या पानावर, तीन प्रकारचे भाव असायचे. मी २००३ मध्ये महापेला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले आणि २००८ मध्ये स्वतःची कंपनी काढली, तेव्हा मात्र ही वही मला आठवली नाही. त्याची किंमत मी मोजली. ते पुढे सांगते.

गवंडी, सुतार एकरकमी कामाला 'अंगावर काम' म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. तुम्ही काम अंगावर घेता तेव्हा त्यातलं जे आज दिसत नाही तेही अंगावर घेता. रोजावर काम केलं की ते न दिसणारं मालकाच्या अंगावर राहतं. म्हणून भावाची पद्धत निवडताना मी एकच गोष्ट विचारते: या कामात काय माहीत नाही, आणि ते माहीत नसणं कोणी सोसायचं? ज्याच्या हातात ते आटोक्यात ठेवणं आहे त्याने सोसावं. कोड लिहायला आम्हाला वेळ लागला, तर ते आम्ही सोसायचं. मालकांचं मन दर आठवड्याला बदललं, तर ते मालकांनी. काट्याच्या कंपनीने यंत्रात काय भरून ठेवलंय हे दोघांच्याही हातात नसतं, ते वाटून घ्यायचं.

आता तुमचं काम खोलून बघू. प्रत्येक भागाला तीन आकडे लावा: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती, आणि वाईटात वाईट किती. सरासरी काढताना मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं आणि बेरजेला सहाने भागायचं. अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५८ च्या सुमारास ही रीत रूढ झाली. दोन माणसांच्या गाळ्यालाही ती तितकीच उपयोगी आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मी धरलेले दिवस असे. आवक-जावक नोंदी ४, ६, १०. भाड्याचा हिशेब ६, ८, १८. बिलं आणि पावत्या ४, ५, ८. काटा जोडणं २, ४, २०. टॅली ३, ५, १६. व्यापाऱ्यांचं ॲप १०, १५, ५०.

मधल्या आकड्यांची बेरीज ४३ दिवस येते. तुमचे सहा लाख बहुधा अशाच एखाद्या बेरजेतून आले असणार. सरासरी काढली की ५४ होतात. वाईटात वाईट धरलं तर १२२. म्हणजे ज्या कामाला तुम्ही एक आकडा सांगायला निघालात ते ४३ दिवसांचंही असू शकतं आणि त्याच्या जवळजवळ तिप्पटही. यात तुमचा अनुभव कमी पडतोय असं समजू नका. सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते बॅरी बोहम यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं होतं की प्रकल्प कल्पनेच्या अवस्थेत असताना केलेला अंदाज चौपट किंवा एक चतुर्थांश इतका चुकू शकतो. काम जसजसं उलगडतं तसतशी ही फट मिटत जाते. मालक मात्र आकडा मागतात तो फट सर्वांत मोठी असतानाच.

माझा स्वतःचा नियम असा की वाईट आकडा मधल्याच्या तिपटीपेक्षा जास्त असेल, तर ते काम मी अंगावर घेत नाही. तुमच्या यादीत पहिली तीन कामं या नियमात बसतात. काटा, टॅली आणि ॲप बसत नाहीत. आणि ही तिन्ही न बसण्याची कारणं वेगवेगळी आहेत.

काट्याचं घ्या. वजन दाखवणाऱ्या डब्याला मागे सिरियल पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरला वायर जोडायची जागा असेल, तर दोन दिवसांचं काम आहे. काही यंत्रं वजनाचे आकडे सतत पाठवत राहतात, काही फक्त प्रिंटचं बटण दाबल्यावर पाठवतात, आणि प्रत्येक कंपनीची ओळ वेगळी. हे सगळं जमतं. पण पोर्टच नसेल तर? यंत्र उघडून बसवून घेऊ म्हणावं, तर त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं, आणि दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. सील तुटलं की पुन्हा पडताळणी, तोवर काटा बंद. कोल्ड स्टोरेजचा काटा बंद म्हणजे दारात गाड्यांची रांग. असा धोका तुम्ही सहा लाखांत गुपचूप गिळायला निघाला आहात.

टॅलीचं तंत्र तसं सोपं आहे. टॅली चालू असलेल्या मशीनला ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या ठरलेल्या दारावर, एक्सएमएल या साच्यातला मजकूर पाठवला की नोंद होते. वेळ जातो तो लेजरच्या नावांत. एकाच व्यापाऱ्याचं खातं तीन स्पेलिंगांनी उघडलेलं असतं, आणि ते सरळ करायचं काम ना तुमचं असतं ना मुनीमजींचं, म्हणून शेवटी तुमच्याकडेच येतं.

ॲपमध्ये तंत्राचा प्रश्नच नाही. ते हवंय मालकांना, पण वापरणार व्यापारी, आणि त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही. एपीएमसीच्या फळबाजारात पहाटेपासून उभा असलेला माणूस ॲप उघडून शिल्लक पेट्या बघेल की कोल्ड स्टोरेजच्या पोराला फोन करेल? कदाचित रोज रात्री एक व्हॉट्सॲप मेसेज त्याला पुरेल. हे कळेपर्यंत ॲपचा भाव सांगणं म्हणजे बंद पंपाचा भाव सांगणं.

दिवसाच्या दराकडे येते. इथे नवीन माणसांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. नोकरीत लाख रुपये पगार होता, महिन्यात बावीस दिवस काम, म्हणून दिवसाला साडेचार हजार, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो असा करून बघा. प्रत्येकाला वर्षाला १२ लाख मिळावेत अशी इच्छा आहे. गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट, लॅपटॉप, क्लाउडची खाती, सीएची फी, आरोग्य विमा मिळून दोघांचे वर्षाला सहा लाख धरा, म्हणजे माणशी तीन. झाले १५ लाख. वर्षात शनिवार-रविवार सोडून २६० दिवस. गणपती, दिवाळी, आजारपण, लग्नकार्य यांचे २५ काढले की २३५ उरतात. त्यातले फार तर साठ टक्के दिवस तुम्ही बिलात लावू शकता. बाकीचे नवीन काम शोधण्यात, कोटेशन लिहिण्यात, पैसे मागायला फोन करण्यात आणि स्वतः शिकण्यात जातात. राहिले १४१ दिवस. पंधरा लाखांना १४१ ने भागा: १०,६०० च्या वर. त्यावर वीस टक्के गंगाजळीसाठी, कारण एखादा महिना काम नसतंच. दिवसाचा दर साधारण १२,८०० रुपये होतो. साडेचार हजारांच्या जवळजवळ तिप्पट.

हा आकडा बघून घाबरू नका, आणि मालकांना लगेच सांगायलाही जाऊ नका. हा तुमचा तळ आहे. याच्या खाली गेलात तर प्रत्येक दिवशी स्वतःच्या खिशातून मालकांना पैसे देत असता, फक्त ते वर्षअखेरीस कळतं. ४३ दिवसांना हा दर लावला की साडेपाच लाख होतात. ५४ दिवस, वर चाचणी, शिकवणं आणि तुर्भ्याच्या फेऱ्यांचे १२ दिवस धरले की साडेआठ लाखांच्या जवळ. सहा लाखांत तुम्ही अडीच लाख आधीच सोडून दिले आहेत.

आता अंगावरच्या कामाविषयी, कारण तुमचा मोठा हिस्सा त्यातच राहणार आहे.

२००९ मध्ये मी एका वाहतूक कंपनीचं काम साडेतीन लाखांत अंगावर घेतलं. चार महिन्यांचं काम होतं. करारासोबत चार पानांचं वर्णन होतं, ते मीच लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती: "आवश्यकतेनुसार रिपोर्ट." पहिल्या महिन्यात त्यांनी पाच रिपोर्ट मागितले. मग डिझेलचे, टायरचे, ड्रायव्हरच्या उचलीचे. एकतीस रिपोर्ट झाले आणि चारचे तेरा महिने झाले. समोरच्याने फसवलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्यांना ते खरंच हवे होते आणि करारात तसं लिहिलं होतं. दोन सहकाऱ्यांचे पगार द्यायला मी मुदत ठेव मोडली. त्यातला एक जण नंतर सोडून गेला. त्याच्या शेवटच्या महिन्यात तो रोज रात्री नऊपर्यंत बसून टायरचे रिपोर्ट करायचा, ते मला आजही आठवतं. वाईट अंदाजाची किंमत नेहमी मालक-चालक मोजतात असं नाही. ती खाली झिरपते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक एकरकमी कोटेशनला एक वेगळं पान असतं. त्याचं शीर्षक 'यात काय नाही'. कामात काय आहे याच्या पानापेक्षा हे लिहायला मला जास्त वेळ लागतो. तुमच्यासाठी त्यात किमान एवढं हवं. रिपोर्ट आठ, प्रत्येकाचं नाव आणि त्यातले रकाने लिहून. जुन्या एक्सेलमधला डेटा किती वर्षांचा घ्यायचा, आणि तो साफ कोण करणार. बिलाचे नमुने किती. मराठी, गुजराती, हिंदीपैकी कोणती भाषा कुठे दिसणार. छपाई कोणत्या प्रिंटरवर. सर्व्हर कोणाच्या नावाने आणि त्याचं मासिक बिल कोण भरणार. दोष आणि बदल यांतला फरकही शब्दांत लिहा: लिहून ठरलं होतं तसं चालत नसेल तर तो दोष, तो आम्ही ९० दिवस फुकट दुरुस्त करू. ठरलं होतं तसंच चालतंय पण आता वेगळं हवंय, तर तो बदल, त्याला दिवसाचा दर.

भाड्याच्या हिशेबावर विशेष लक्ष द्या. तुम्हाला वाटतंय पेटी गुणिले महिना गुणिले दर. प्रत्यक्षात अर्धा महिना झाला तर काय, हंगामाचा दर वेगळा का, जुन्या गिऱ्हाइकाला कुठली सूट, माल एका व्यापाऱ्याने ठेवला आणि आतल्या आत दुसऱ्याला विकला तर भाडं कुणाच्या नावावर, हे नियम कुठेही लिहिलेले नसतात. ते मालकांच्या किंवा एखाद्या जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात असतात. म्हणूनच मी त्याचा वाईट आकडा अठरा धरला.

पैसे कोणत्या टप्प्याला मिळतात यालाही भावाइतकंच महत्त्व आहे. शेवटचा हप्ता "सिस्टिम लाइव्ह झाल्यावर" असा कधीच लिहू नका. लाइव्ह करणं मालकांच्या हातात असतं. आंब्याचा हंगाम सुरू झाला की ते म्हणतील, आता जूनमध्ये बघू, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हणेन. मी ३० टक्के आगाऊ घेते, ३० पहिल्यांदा चालवून दाखवल्यावर, ३० वापरायला दिल्यावर आणि १० त्यानंतर महिन्याने. वापरायला दिल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर काम स्वीकारलं असं धरायचं, ही ओळ करारात टाका.

तासावर किंवा दिवसावर काम करायला मालक का कचरतात हे समजून घ्या, कारण त्यांची भीती खरी आहे. घोडबंदर रोडला कोंडीत अडकलेल्या रिक्षात बसल्यावर मीटरकडे बघताना जे वाटतं तेच. रस्ता बरोबर आहे का हे त्यांना कळत नाही, फक्त आकडा वाढताना दिसतो. त्याला उपाय आहेत. दर शुक्रवारी झालेलं काम चालवून दाखवायचं, स्लाइड नाहीत, खरी स्क्रीन. दिवसांचा हिशेब त्याच दिवशी पाठवायचा. आठवड्याच्या सूचनेवर काम थांबवायचा हक्क त्यांना द्यायचा. आणि कमाल मर्यादा ठेवायची. मी मर्यादेच्या पुढे निम्मा दर लावते. मग काम लांबलं तर दोघांनाही टोचतं, आणि लवकर संपवण्यात दोघांचंही हित राहतं. मर्यादेच्या आत संपलं तर लागले तेवढेच दिवस बिलात.

हल्ली एक वेगळा प्रश्न येतो. कोड आता यंत्र लिहून देतं, मग तुमचे दिवस कमी करा, असं मालकांची मुलं सांगतात. काही अंशी ते बरोबर आहे. आमच्याकडे साधे फॉर्म आणि रिपोर्ट आता पूर्वीपेक्षा खूपच लवकर होतात, आणि तो फायदा गिऱ्हाइकाला द्यायला मला आनंद वाटतो. पण वर मी सांगितलेल्या वाईट आकड्यांकडे पुन्हा बघा. सील लावलेला काटा, तीन स्पेलिंगांचं खातं, सुपरवायझरच्या डोक्यातला दर. यातलं काहीच कोड लिहिण्याच्या वेगामुळे कमी होत नाही. म्हणून पहिल्या तीन भागांचं काम शक्य तर एकरकमीच ठेवा: वेगाने केलंत तर त्याचा फायदा तुम्हाला राहतो. तासावर ठेवलंत तर जितके हुशार व्हाल तितकं बिल कमी होत जाईल.

फायद्यावर भाव लावायची पद्धतही तुम्ही वाचली असेल. मालकांचे वर्षाला वीस लाख वाचणार असतील, तर पाच मागा, असा तो विचार. तो चुकीचा नाही, पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. वाचलेले पैसे मालकांनी स्वतः मोजलेले हवेत, आणि तुमच्यावर आधीच विश्वास हवा. पहिल्याच कामात दोन्ही नसतात. मी फायद्याचा आकडा छत म्हणून वापरते आणि खर्चाचा तळ म्हणून. छत तळाच्या खाली येत असेल, तर काम घेत नाही, कारण मग त्या माणसाला ते सॉफ्टवेअर परवडणारच नाही आणि वर्षभरात तो ते बंद करेल. तुमच्या बाबतीत फायदा तारखेला बांधलेला आहे. हापूसची मोठी आवक फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत असते. जानेवारीत चालू झालेली सिस्टिम आणि एप्रिलमध्ये चालू झालेली सिस्टिम यांची मालकांच्या दृष्टीने किंमत एक नाही. भावात घासाघीस झाली तर दर पाडू नका, भाग कमी करा आणि तारीख राखा.

"ॲप चाललं की टक्का देऊ" असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून निघा. तुमच्याकडे सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवलेला नाही.

कराचं थोडं सांगते, कारण याने कोटेशनचा खरा आकडा बदलतो. सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही नोंदणी घेतली आहे असं लिहिलंय, म्हणून कोटेशनवर 'अधिक जीएसटी' ठळक लिहा. सहा लाख म्हणालात आणि मालकांनी ते करासह धरले, तर तुमच्या हातात ५,०८,४७५ येतात. साधारणपणे व्यावसायिक गिऱ्हाइकाला हा कर जड जात नाही, त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. तुमच्या मालकांचं तसं नाही. फळं-भाज्यांसारख्या शेतमालाच्या साठवणुकीवर जीएसटी माफ आहे, आणि माफ असलेल्या धंद्याच्या प्रमाणात क्रेडिट मिळत नाही. म्हणजे तुमचे १८ टक्के त्यांच्यासाठी खरा खर्च आहे. ते भाव फार वाटतो म्हणतील तेव्हा हे लक्षात ठेवा, ते चिक्कू आहेत असा अर्थ काढू नका. सेवेमध्ये आगाऊ रकमेवरही कर लागतो आणि बिल काढलं की पैसे आले नसले तरी भरावा लागतो, म्हणून आधी प्रोफॉर्मा पाठवा, पैसे आले की पक्कं बिल. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के की व्यावसायिक सेवा म्हणून १०, हे त्यांच्या सीएशी आधीच बोलून घ्या. सहा लाखांवर हा फरक ४८ हजारांचा आहे. परत मिळतात, पण रिटर्न भरल्यानंतर. तोवर गाळ्याचं भाडं थांबत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येते. मार्च जवळ आला की गिऱ्हाइकांचे सीए स्वतःहून फोन करून विचारतात, तुमचं काही देणं राहिलंय का. ही सवय गेल्या दोन-तीन वर्षांतली आहे आणि आमच्यासारख्यांना तिचा फार आधार वाटतो.

आणि एक गोष्ट जवळजवळ कोणीच भावात धरत नाही: कोडची मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा पहिला मालक ते लिहिणारा असतो. लेखी हस्तांतर केल्याशिवाय ती मालकी गिऱ्हाइकाकडे जात नाही. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून दोन भाव सांगा: वापरण्याचा परवाना हवा असेल तर एक, संपूर्ण मालकी हवी असेल तर वेगळा. तुर्भे, पावणे, महापे भागात कोल्ड स्टोरेज कमी नाहीत. पुढचं काम याच कोडवर उभं राहणार असेल, तर मालकी विकताना दहादा विचार करा. पण मालकांना हे स्पष्ट सांगा, त्यांच्या नजरेआड ठेवू नका. त्यांचा डेटा मात्र पूर्णपणे त्यांचा आणि मागतील तेव्हा एक्सेलमध्ये मिळेल, हेही त्याच पानावर लिहा.

या सगळ्यावरून मी तुमच्या जागी असते तर असं कोटेशन दिलं असतं.

पहिला टप्पा पाहणी. पाच दिवस, ६४,००० रुपये. त्यात भाड्याचे सगळे नियम लिहून काढायचे, काट्याचं यंत्र तपासायचं, टॅलीची खाती बघायची, पाच-सहा व्यापाऱ्यांशी बोलायचं. शेवटी मालकांच्या हातात एक दस्तऐवज येईल, तो घेऊन ते दुसऱ्या कुणाकडेही जाऊ शकतात. हे त्यांना मोकळेपणाने सांगा, विश्वास इथूनच बसतो.

दुसरा टप्पा आवक-जावक, भाडं आणि बिलं. हे अंगावर घ्या. सरासरी २१ दिवस, चाचणी आणि शिकवण्याचे ६, त्यावर जोखमीचे वीस टक्के, मिळून ४,१५,००० रुपये. हा आकडा पाहणीनंतर पक्का होईल असं आधीच लिहा. पाहणीत भाड्याचे नियम भलतेच निघाले तर तो वर जाईल, साधे निघाले तर खाली येईल.

तिसरा टप्पा काटा आणि टॅली. दिवसाला १२,८००, कमाल २० दिवस, पुढे निम्मा दर. सरासरीने तेरा दिवस धरा. म्हणजे तिन्ही मिळून साडेसहा लाखांच्या आत, आणि मर्यादा पूर्ण भरली तरी ७,३५,०००, अधिक जीएसटी.

ॲपचा भाव आता सांगायचाच नाही. एक हंगाम जाऊ दे.

देखभालीचा वार्षिक करार वेगळा ठेवा. ९० दिवसांची हमी संपली की तो सुरू होतो. आमच्याकडे मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के घेतो. त्यात किती फोन, किती फेऱ्या आणि रविवारी पहाटे गाडी दारात असताना सिस्टिम बंद पडली तर कोण उचलणार, हे लिहिलेलं असावं. हंगामात ते फोन येणारच, आणि ते उचलायची तयारी ठेवून पैसे घ्यायचे. तुमच्या वर्षाच्या हिशेबात ही रक्कम सर्वांत शांतपणे येते. असे सात-आठ करार झाले की गाळ्याच्या भाड्याची चिंता मिटते, आणि मग नवीन कामाला नाही म्हणायची ताकद येते.

मालकांनी पाहणीचे ६४ हजार द्यायला नकार दिला, तर रागावू नका. दोन दिवसांची पाहणी करा, फक्त काटा आणि भाडं, २५,६०० रुपये, आणि पुढचं काम मिळालं तर ती रक्कम त्यातून वजा करून द्या. मी दोनदा असं केलंय आणि दोन्ही वेळा पुढचं काम मिळालं. तेही नको म्हणाले आणि आजच एक आकडा हवा असं अडून बसले, तर फक्त दुसऱ्या टप्प्याचा आकडा सांगा. काट्यावर वजन हाताने टाइप होईल आणि टॅलीत मुनीमजी स्वतः नोंद करतील, असं 'यात काय नाही' या पानावर लिहा.

आकडा पाठवण्याआधी एकदा पहाटे तिकडे जा. मालकांच्या केबिनमध्ये बसू नका. काट्यावर जो माणूस असतो त्याच्या शेजारी दोन तास उभे राहा, वजनाच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि त्याला विचारा की पेट्या मोजताना तो वहीत काय लिहितो आणि काय लिहीत नाही.